सावित्रीच्या वरच्या रानांतील औषधी

महाडचें चवदार तळें सर्व जातींस खुलें करण्याचा ठराव तेथील नगरपालिकेनें १९२४ सालीं केला. परंतु तें पाणी अस्पृश्य मानलेल्यांच्या ओंजळींत आलें, तें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं २० मार्च १९२७ रोजीं. आणि कोर्टांतील वाद तर १९३७ सालापर्यंत चालला. ठराव आणि घोट यांमध्यें केवढें अंतर असूं शकतें, याची ही साक्ष आहे. याच गांवावरून वाहणारी सावित्री महाबळेश्वरीं उगम पावून पोलादपुरावरून खालीं येते. तिच्या उगमाकडील रानांतही आज असाच एक प्रश्न उभा आहे. तेथील वनस्पतींचे गुण प्रयोगशाळांनीं शोधून काढले. पण त्या गुणांचें मोल रानाच्या आणि रानांतील माणसाच्या पदरीं कितपत पडतें?

इमारती लांकूड वगळून रानांतून जें मिळतें, त्यास सरकारी भाषेंत ‘गौण वनोपज’ म्हणतात. नांव मोठें अन्यायाचें आहे. शहरांतील घरोघरीं जी त्रिफळाचूर्णाची बाटली असते, तींतील हिरडा आणि बेहडा हे याच गौणांपैकीं! हिरड्याचें कोवळें फळ वाळविलें कीं बाळहिरडा होतो. जून फळांतील टॅनिन कातडीं कमावण्यास लागतें. फळें वेंचल्यानें झाडाचा जीव जात नाहीं. गुळवेलीचा तुकडा मातींत खोंचला तरी ती पुन्हा फुटते.

नरक्याचें तसें नाहीं. सह्याद्रीच्या सदाहरित रानांत, महाबळेश्वराच्या परिसरांतही, वाढणारें हें लहानसें झाड आहे. त्याच्या फुलांस दुर्गंधि येते, तीवरूनच हें नांव. त्याची थोरवी कळण्यास मात्र दूर अमेरिकेपर्यंत जावें लागलें. १९६६ सालीं तेथील मन्रो वॉल आणि नंदुरबार येथें जन्मलेले, मुंबईंत शिकलेले डॉ. मनसुख वाणी यांनीं एका चिनी वृक्षांतून कॅम्प्टोथेसिन नांवाचें द्रव्य वेगळें काढलें. तेंच द्रव्य नरक्यांत असल्याचें १९७२ सालीं गोविंदाचारी व विश्वनाथन यांनीं प्रसिद्ध केलें.

पेशी दुभंगण्यापूर्वीं तिच्यांतील जनुकद्रव्याचा दुपदरी पीळ उलगडावा लागतो. एक विशिष्ट एन्झाइम त्याचा एक पदर कापतें, पीळ सैल करितें आणि पदर पुन्हा सांधतें. कॅम्प्टोथेसिन नेमकें त्या कापलेल्या जागीं अडकून बसतें. सांधा जुळत नाहीं आणि भराभर वाढणारी कर्कपेशी मरते. हें १९८५ सालीं उलगडलें. मूळ द्रव्य फार विषारी ठरल्यानें त्यांत फेरफार करून टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन हीं औषधें सिद्ध झालीं. १९९६ सालीं अमेरिकेंत दोहोंस मान्यता मिळाली. बीजाशयाच्या व आंतड्याच्या कर्करोगावर तीं वापरतात. (नरक्याची साल घरीं उकळून पिणें हा मात्र निव्वळ आत्मघात होय.)

अडचण अशी कीं हें द्रव्य पानांत थोडें. मुळांत, सालींत व लांकडांत अधिक. म्हणून झाडच तोडून त्याच्या ढलप्या विकल्या जाऊं लागल्या, आणि सह्याद्रींत नरक्या धोक्यांत आला. २००५ सालीं भारतीय संशोधकांना नरक्याच्या अंगांत वसणारी एक बुरशी सांपडली, जी हेंच द्रव्य स्वतः निर्माण करिते. झाड न तोडतां औषध मिळेल अशी आशा वाटली. पण अशा बुरशा प्रयोगशाळेंत पुनःपुन्हा वाढवीत गेलें असतां त्यांची ती शक्ति ओसरत जाते. तेव्हां लागवडीस तूर्त पर्याय नाहीं.

२००६ सालच्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपज गोळा करण्याचा, विकण्याचा व त्यावरील मालकीचा हक्क आदिवासींस आणि इतर पारंपरिक वनवासींस दिला. रायगड जिल्ह्यांतील कातकरी त्यांतच येतात. खैराच्या कातावरूनच त्यांस हें नांव पडलें. परंतु हक्क मिळाला तरी माल बहुधा ओझ्याच्या वजनावर जातो. त्यांत औषधी द्रव्य किती, हें विकणारास क्वचितच ठाऊक असतें. शेजारच्या ठाणे जिल्ह्यांत, शहापूर येथें, कातकरी तरुणांनीं वनधन केंद्र काढून गुळवेल थेट औषधी कंपन्यांस विकली. मधला दलाल गळला. सावित्रीच्या खोऱ्यांत असें केंद्र चालवावयाचें तर प्रथम हिरडा व गुळवेल यांवरच चालवावें. नरक्या रोपवाटिकेंत वाढवावा, आणि रानांतील झाडांस कुऱ्हाड लागूं देऊं नये.