‘झोप येत नाही’ म्हणाली, तर ‘चालायचंच’ म्हणू नका

वाणगावच्या आसपासच्या गावा-पाड्यांवर आम्ही बचत गटांचं काम बघतो. आज गटाच्या हिशोबाचं नाही, झोपेचं बोलू या. गरोदर बाईच्या शेवटच्या तीन महिन्यांतल्या झोपेचं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका गटाची मासिक बैठक चालली होती. हप्ते गोळा होत होते आणि आठवा महिना सरत आलेली एक सभासद भिंतीला टेकून पेंगत होती. ‘काय गं, रात्री झोपली नाहीस का?’ असं विचारलं. ती म्हणाली, ‘आठ दिवस झाले ताई, डोळाच लागत नाही. डोकं ठणकतं, आणि बांगड्या मनगटात रुतायला लागल्यात.’ जुन्या बाया हसल्या. ‘आठव्या-नवव्यात कुठली आलीय झोप? आम्ही नाही का दिवस काढले?’ मैत्रिणींनो, आम्हीसुद्धा हसलो, हे कबूल करायला हवं. आशाताई मात्र हसली नाही. बैठक संपायची वाट न बघता ती तिला उपकेंद्रात घेऊन गेली. रक्तदाब निघाला वरचा १५० आणि खालचा १००. सिस्टरने तिथूनच गाडी बोलावून तिला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. आज ती आणि तिचं बाळ दोघंही सुखरूप आहेत, म्हणून ही गोष्ट मोकळेपणाने सांगता येते.

त्या दिवसापासून आम्ही गटात एक नियम केला. गरोदर बाई ‘झोप येत नाही’ म्हणाली, तर ‘चालायचंच’ म्हणायचं नाही. ‘का येत नाही?’ हे विचारायचं. कारण तीन तऱ्हेचं असतं. काही कारणं वाढत्या पोटाची असतात, काही घराची असतात आणि काही आजाराची.

आधी पोटाची कारणं बघू या. पिशवी वाढते आणि लघवीच्या पिशवीवर दाब येतो, म्हणून रात्रीतून तीन-चार वेळा उठावं लागतं. यासाठी पाणी कमी पिऊ नका. आपल्याकडच्या दमट उकाड्यात तर मुळीच नाही. दिवसा भरपूर प्या आणि झोपायच्या दोन तास आधी थोडं आवरतं घ्या. संडास घरापासून लांब असेल, तर रात्री एकटीने अंधारात जाऊ नका. विंचू-काट्याचं भय आहे आणि पाय घसरायचंही. बॅटरी उशाशी ठेवा, सोबतीला कुणाला तरी उठवा. लघवीला जळजळ होत असेल किंवा ताप असेल, तर मात्र तपासून घ्या.

दुसरी तक्रार छातीत जळजळण्याची. रात्रीचं जेवण लवकर आणि बेताचं घ्या. जेवल्यावर निदान दोन तास आडवं होऊ नका. उशी थोडी उंच घ्या. आपलं वाणगाव मिरचीचं, पण या तीन महिन्यांत रात्रीच्या ताटात मिरची जरा कमीच बरी. पोटभर जेवायचं ते दुपारी. आपला डहाणू तालुका आदिवासी क्षेत्रात येतो. इथे २०१५ पासून अमृत आहार योजनेतून शेवटच्या तीन महिन्यांत अंगणवाडीत एक वेळचं गरम चौरस जेवण मिळतं. ते जेवण तुमच्या हक्काचं आहे. डबा घरी नेऊन सगळ्यांत वाटू नका, स्वतः खा.

तिसरी तक्रार पायात गोळा येण्याची. गोळा आला की गुडघा सरळ करा आणि पायाची बोटं आपल्याकडे ओढा. पोटामुळे हात पोचत नसेल, तर घरच्या माणसाला सांगा. काही बायांना गोळा येत नाही, पण रात्री पायात मुंग्या चालल्यासारखं होतं आणि पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. अंगात लोह कमी असलं की असं होऊ शकतं. तेव्हा हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदरपणात ते ११ च्या खाली असलं, तर रक्त कमी आहे असं धरतात. लोहाच्या गोळ्या डब्यात साठवायला दिलेल्या नाहीत, त्या रोज घ्यायच्या आहेत. मात्र गोळी आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या.

आता झोपायचं कसं? सातवा महिना सरला, म्हणजे २८ आठवडे झाले, की झोपताना कुशीवर झोपा. उताणं झोपलं की बाळाचं वजन पाठीच्या कण्याजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतं आणि बाळाकडे जाणारं रक्त कमी होतं. डावी कूस चांगली म्हणतात, उजवीही चालते. झोपेत उताण्या झालात तर घाबरू नका. जाग आली की कूस बदला, एवढंच. दोन गुडघ्यांच्या मध्ये घडी केलेली गोधडी घ्या, पोटाखाली जुन्या लुगड्याची वळकटी घ्या. कंबरेला खूप आराम पडतो. उठताना एकदम सरळ उठू नका. आधी कुशीवर वळा आणि मग हातावर जोर देऊन बसा. जमिनीवर झोपणारीला शक्य असेल तर खाट द्या. मच्छरदाणी तर हवीच, कारण गरोदर बाईला मलेरिया फार जड जातो.

आता घराची कारणं. यांच्यावर औषध नाही, पण उपाय आपल्याच हातात आहे. आपल्या भागातली कितीतरी माणसं बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये काम करतात. घरवाला सेकंड शिफ्टवरून रात्री साडेअकराला येतो. बाई उठते, भात गरम करते, वाढते, भांडी घासते. आडवी होते तोवर साडेबारा. पहाटे दीर फर्स्ट शिफ्टला निघतो, म्हणून साडेचारला पुन्हा चूल. त्यात रात्री चार वेळा लघवीला उठायचं. आता सांगा, झोप उडाली की आपण तिला झोपूच दिलं नाही?

आम्ही एका घरी हेच बोललो, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘आमच्या वेळी कोण विचारत होतं?’ आम्ही म्हटलं, ‘आई, तुम्हाला कुणी विचारलं नाही, त्याचं वाईट वाटलं होतं ना?’ त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘पहाटेचा डबा मी बघते.’ घरवाल्यानेही ताट झाकून ठेवलेलं चालेल, असं सांगितलं. एवढ्या दोन गोष्टींनी त्या पोरीला रात्रीचे तीन तास मिळाले.

दवाखान्यातून जे माता बाल संरक्षण कार्ड मिळतं, त्यावरच लिहिलेलं आहे की गरोदर बाईने रात्री आठ तास आणि दिवसा निदान दोन तास विश्रांती घ्यावी. कार्ड ट्रंकेत ठेवू नका. घरात मोठ्याने वाचून दाखवा. घरातल्या पुरुषांना ऐकू जाईल असं वाचा. पाण्याचे हंडे, लाकडाची मोळी, मिरचीच्या वाडीतलं वाकून करायचं काम हे शेवटच्या महिन्यांत दुसऱ्या कुणीतरी उचलायचं. कारखान्यात कामाला जाणाऱ्या बायांनी हेही लक्षात ठेवा. वर्षभरात ८० दिवस काम झालं असेल, तर पहिल्या दोन मुलांच्या वेळी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते आणि त्यातले ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात.

झोप यावी म्हणून कुणी ताडी घ्यायला सांगेल. घेऊ नका, ती बाळापर्यंत पोचते. मिश्रीही सोडा. तंबाखूने झोप उडते आणि बाळाचं वजनही कमी भरतं. संध्याकाळनंतर चहा नको. झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुकानातून आणू नका.

काही जणींना झोप लागत नाही ती भीतीने. बाळंतपण कसं होईल, गाडी वेळेवर येईल का, पैसे किती लागतील. अशी भीती एकटीने पोटात ठेवू नका. दवाखाना कुठला, सोबत कोण, थोरल्या मुलांना कोण बघणार, हे आठव्या महिन्यातच ठरवून टाका. पिशवी भरून ठेवा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. गाडीसाठी १०२ आणि तातडीच्या वेळी १०८ हे आकडे भिंतीवर लिहून ठेवा. मन सारखं उदास असेल, रडू येत असेल, काहीच गोड लागत नसेल, तर १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. आशाताईलाही सांगा. त्यात लाज कसली?

शेवटी आजाराची कारणं. ही नीट ऐका आणि शेजारणीलाही सांगा. झोप उडाली आहे आणि सोबत डोकं खूप दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, चेहरा-हात सुजलेत किंवा बरगड्यांखाली दुखतंय, तर ते रक्तदाबाचं असू शकतं. अंगावर पुरळ नाही, पण रात्री तळहात आणि तळपाय भयंकर खाजतात, तर ते यकृताचं असू शकतं, त्याची रक्ततपासणी करावी लागते. आडवं झालं की दम लागतो, तर रक्त फार कमी असेल किंवा हृदयाचं काही असेल. बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी वाटली, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, ताप आला, तर सकाळ होऊ देऊ नका. रात्रीच निघा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. आमच्या गटांनी आता ठरवलंय की त्या दिवशी गटातली एक बाई पोटुशीसोबत जाईल आणि दुसरी तिच्या घरची चूल बघेल. असं करायला पैसे लागत नाहीत. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते मोजून झाले की आपल्यातल्या पोटुशीला एवढंच विचारा: ‘बाई, रात्री झोप लागते का? नाही, तर का नाही?’ आणि तिचं उत्तर पूर्ण ऐका.