द्राक्षांच्या पूर्वशीतकरण यंत्रणेची हंगामापूर्वी निगा

छाटणी, विरळणी, संजीवकांच्या बुडवण्या आणि फवारण्या यांकडे द्राक्ष बागायतदार डोळ्यात तेल घालून लक्ष देतात. परंतु काढलेला माल ज्या यंत्रणेच्या भरवशावर परदेशी बाजारपेठेत जातो, ती बंद पडेपर्यंत तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. महाग्रेप्सची स्थापना १९९१ मध्ये झाली. त्यानंतर सहकारी पूर्वशीतकरण केंद्रे वाढली व पुढे अनेकांनी स्वतःची पॅकहाऊस उभारली. यंत्रे आली, पण निगा राखण्याची सवय त्या प्रमाणात रुजली नाही.

काढणीनंतर मण्यांतील उष्णता सुमारे ६ ते ८ तासांत काढून तापमान ४ अंश सें. पर्यंत आणावे लागते. पुढे साठवण ० ते १ अंश सें. तापमानास व ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत करतात. थंड होण्यास उशीर झाला की देठ सुकून तपकिरी पडतात आणि असा माल कितीही गोड असला तरी भाव मिळवत नाही.

यंत्रणा मंदावण्याचे नेहमीचे कारण म्हणजे कंडेन्सरवर साचलेली धूळ. खोलीतील उष्णता बाहेरच्या हवेत टाकणे हे कंडेन्सरचे काम. रस्त्याची माती आणि खोक्यांच्या पुठ्ठ्याचा भुसा त्याच्या पत्र्यांत बसला की हवा खेळत नाही, वायूचा दाब वाढतो, कॉम्प्रेसर जास्त वीज ओढतो आणि शेवटी ट्रिप होतो. हे बहुधा मार्चमधील भर दुपारी, खोली मालाने भरलेली असतानाच घडते. म्हणून डिसेंबरमध्येच सफाई उरकावी. प्रथम मेन स्विच बंद करून फ्यूज काढून घ्यावेत व तेथे पाटी लावावी. मऊ ब्रशने पत्र्यांच्या दिशेनेच धूळ झाडावी. नंतर हवा ज्या बाजूने आत शिरते, तिच्या उलट बाजूने साध्या नळीने पाणी मारावे. फवारणी पंपाचा जोरदार झोत मुळीच वापरू नये, त्याने ॲल्युमिनियमचे पत्रे वाकतात. आम्लही वापरू नये; सौम्य साबणाचे पाणी पुरते. हंगामात दर पंधरा दिवसांनी एकदा झाडलोट केलेली बरी.

खोलीतील शीतक कॉईलवर बर्फाचा थर चढला तर तो चाकू किंवा पेचकसाने फोडू नये. एक लहानसे छिद्र पडले तरी सर्व वायू निघून जातो. डीफ्रॉस्ट करावे आणि पाणी वाहून नेणारी नळी तुंबलेली नाही ना, हे पाहावे. बर्फ वारंवार साचत असेल तर दोष बऱ्याचदा दाराच्या रबरात असतो. दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे. पट्टी सहज ओढून निघाली तर रबर बदलावे. हा खर्च वीजबिलाच्या मानाने किरकोळ आहे.

द्राक्षांच्या खोक्यात ठेवलेल्या कागदातून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो. ओलाव्याशी संयोग होऊन त्याचे आम्ल बनते व कॉईलचे धातू पोखरते. त्यामुळे हंगाम संपताच कॉईल स्वच्छ पाण्याने धुऊन, पंखे चालवून पूर्ण कोरडी करावी. तशीच ओली ठेवून खोलीला कुलूप लावणे ही सर्रास होणारी चूक आहे.

तापमापकावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा व थोडे पाणी घालून त्यात सुई बुडवावी. काही मिनिटांत ० अंश दाखवले पाहिजे. द्राक्षे उणे २ अंशांच्या आसपास गोठू लागतात, तेव्हा दोन अंशांची चूकही महागात पडते. हवेचे तापमान पाहून समाधान मानण्याऐवजी मधल्या खोक्यातील मण्यात सुई टोचून पाहावे. हवा २ अंश आणि मणी १० अंश असल्यास खोक्यांच्या थप्पीतून हवा जात नाही किंवा पंखा मंद आहे, असे समजावे.

अमोनियावर चालणाऱ्या मोठ्या शीतगृहात तेल काढणे, व्हॉल्व्ह उघडणे ही कामे प्रशिक्षित माणसानेच करावीत. बचावाचा मास्क यंत्रघराच्या आत खुंटीला टांगलेला आढळतो. गळती झाल्यावर तो आणायला आत कोण जाणार? तो दाराबाहेर, हाताला येईल असा ठेवावा.