पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचे जेवण : आग्रह नको, साथ हवी



गळीत हंगाम चालू असताना आम्ही सहसा गाव सोडीत नाही. तोड कधी येईल आणि गाडी कधी भरेल याचा नेम नसतो. तरी एका संक्रांतीला दोन दिवस काढून आम्ही भाईंदरला धाकट्या बहिणीकडे गेलो. पिशवीत नव्या गुळाची लहान ढेप, काकवीची बाटली, तिळगुळाचे लाडू आणि सभासद म्हणून मिळालेली पाच किलो साखर होती. बहिणीच्या घरी रिकाम्या हाताने कसे जायचे? पण त्या पिशवीने आम्हाला चांगलाच धडा शिकविला. तो आपल्या सर्वांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे मांडीत आहोत.

दाजी मूळचे आपल्याच भागातले. पंचवीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी मुंबईला गेले आणि जागा परवडली म्हणून भाईंदर पूर्वेला राहिले. एका बाजूला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्रकिनारा, मध्ये मिठागरे आणि जुनी आगरी-कोळी गावे, असा हा मुलूख. मीरा रोड आणि भाईंदर मिळून २००२ साली तेथे महानगरपालिका झाली. सगळे शहर सकाळी लोकलने कामाला जाते आणि रात्री परत येते. दाजींचेही तसेच. सकाळी स्टेशनवर वडापाव, दुपारी डबा, संध्याकाळी भजी, आणि रात्री साडेनऊला पोटभर जेवून लगेच अंथरूण. वजन १२० किलोच्या वर गेले. मधुमेह आला, रक्तदाब आला, झोपेत श्वास अडकू लागला. पथ्ये झाली, चालणे झाले, वजन चार किलो उतरे आणि सहा किलो चढे. शेवटी दिवाळीनंतर, नोव्हेंबरात, त्यांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली.

ही शस्त्रक्रिया म्हणजे काय?

नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा वर्तमानपत्रांतून तिचे नाव आपल्यापर्यंत आले. पुष्कळांना वाटते की यात पोटावरची चरबी कापून काढतात. तसे नाही. बदल जठरात होतो.

तिचे दोन प्रकार जास्त चालतात. स्लीव्ह या प्रकारात जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी ठेवतात. बायपास या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरचा, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढा, कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. उरलेल्या जठरातून आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून अन्न जातच नाही. अमेरिकेत एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली बायपासची सुरुवात केली. आता ही कामे दुर्बिणीने होतात आणि रोगी थोड्या दिवसांत घरी येतो. दाजींची बायपासच झाली होती. आम्हाला यातले काही ठाऊक नव्हते. ऑपरेशन झाले, माणूस बरा झाला, आता ताकद यायला हवी, एवढेच आमच्या डोक्यात.

संक्रांतीचा लाडू

संक्रांतीला शस्त्रक्रियेस सात आठवडे झाले होते. दाजी उतरले होते, चेहरा लहान दिसत होता. जेवायला बसलो. आमच्या पुढे भरलेले ताट आणि दाजींच्या पुढे एक वाटी मऊ मूगडाळ व चमचा. आम्हाला कसेसेच झाले.

आम्ही म्हणालो, "दाजी, हे काय जेवण झालं? संक्रांत आहे. आपल्या रानातल्या उसाचा गूळ हाय ह्यो. एक लाडू तरी घ्याच."

बहीण म्हणाली, "दादा, नको रे. त्यांना चालत नाही."

"एका लाडवानं काय होतंय?" असे म्हणून आम्ही लाडू हातावर ठेवला. वर चमचाभर काकवीही वाटीत घातली. मेव्हण्याचा मान राखायचा म्हणून दाजींनी ते खाल्ले.

पंधरा मिनिटे झाली नाहीत तोच त्यांच्या कपाळावर घाम आला. छाती धडधडू लागली, पोटात कळ आली आणि ते भिंत धरीत संडासाकडे गेले. बाहेर आले तेव्हा चेहरा पांढराफटक. बहिणीने त्यांना आडवे केले. आमच्याकडे बघून ती काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरे वाटले असते. तासाभराने दाजीच म्हणाले, "पावणं, मनाला लावून घेऊ नका. चूक माझी. नाही म्हणता आलं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांची तपासणी होती. आम्हीही सोबत गेलो. तेथील आहारतज्ज्ञ बाईंनी आमची चांगलीच शाळा घेतली. त्या म्हणाल्या, एरवी जठर अन्न थोडे थोडे पुढे सोडते. बायपासनंतर तो दरवाजा राहत नाही. गोड एकदम आतड्यात उतरते, आतडे आपल्याकडे पाणी ओढून घेते, आणि घाम, धडधड, कळ, जुलाब हे सारे अर्ध्या तासाच्या आत होते. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर एकदम उतरून चक्कर येते. याला डंपिंग म्हणतात. गूळ, काकवी, साखर, मध, उसाचा रस, सगळ्यांची जात येथे एकच. गूळ घरचा आहे म्हणून आतडे सवलत देत नाही.

आपण साखर पिकविणारी माणसे. हे ऐकताना आम्हाला थोडे लागले, हे खरे. पण खरे ते खरे.

पाट बंद, ठिबक चालू

बाईंनी आणि पुढे बहिणीने जे समजावून दिले ते आपल्या भाषेत सांगतो. डॉक्टरांगणिक दिवस थोडे मागेपुढे होतात, क्रम मात्र साधारण हाच.

सुरुवातीला घोट घोट पाणी आणि वरणाचे निवळ पाणी. मग दोन आठवड्यांपर्यंत पातळ पदार्थ : ताक, दूध, गाळलेले सूप, प्रथिनांची पावडर. त्यानंतर दोन आठवडे मिक्सरमधून काढलेले गुळगुळीत अन्न. मग मऊ : मूगडाळ, कुस्करलेले पनीर, मऊ अंडे, वाफवलेला मासा. दोन महिन्यांच्या आसपास नेहमीचे जेवण, पण लहान वाटीने.

पाणी हा पहिला प्रश्न. दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी हवेच, पण पेला तोंडाला लावून घटाघटा प्यायची सोय राहत नाही. पाटाने पाणी सोडायचे दिवस संपले, आता ठिबक. दाजी लोकलमध्येही बाटली जवळ ठेवतात आणि दर दोन-तीन स्टेशनांना एक घोट घेतात. जेवताना पाणी नाही आणि जेवल्यावर अर्धा तास नाही.

दुसरे, चावणे. कारखान्यात उसाचे तुकडे नीट झाले नाहीत तर रस चिपाडातच राहतो. येथे गाळप तोंडातच पुरे करावे लागते. घास लहान, चमचा लहान, प्रत्येक घास पाणी होईपर्यंत चावायचा. वाटीभर जेवणाला वीस-तीस मिनिटे लागतात. घाईने गिळले की घास छातीत अडकल्यासारखा होतो, तोंडाला पाणी सुटते, उलटी होते. मऊ भात आणि ताजी चपाती आपल्याला हलकी वाटते, पण पहिल्या महिन्यांत तीच चिकटून बसते. पोट भरल्याची खूणही निराळी असते. कुणाला उचकी लागते, कुणाला छातीत दाब वाटतो. ती खूण आली की पुढचा एक घाससुद्धा जास्त.

तिसरे, प्रथिने. दिवसाला निदान ६० ग्रॅम लागतात, नाहीतर चरबीबरोबर अंगातले मांसही झडते. आता हिशेब बघा. एक अंडे साधारण ६ ग्रॅम. १०० मिलिलिटर दूध ३ ग्रॅम. ५० ग्रॅम पनीर ९ ग्रॅम. ज्वारीची अख्खी भाकरी चार-पाच ग्रॅम, आणि ती अख्खी खायला पोटात जागाच नाही. म्हणून वाटीत आधी डाळ, अंडे, मासा, पनीर, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरी. आपण आयुष्यभर भाकरी मुख्य आणि कोरड्यास तोंडी लावायला असे जेवलो. येथे ते उलटे होते. बहिणीने त्यासाठी एक वही घातली आहे. आपण पावत्या जपतो तशी ती ग्रॅम जपते.

चौथे, गोळ्या. जीवनसत्त्वे, बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हे डॉक्टर सांगतील त्या मात्रेत जन्मभर. लोह आणि कॅल्शियम एकत्र नाही, मध्ये दोन तासांचे अंतर, आणि लोहाच्या गोळीवर लगेच चहा नाही. अंगदुखीवर दुकानातून आणलेल्या गोळ्या आणि विडी-सिगारेट यांनी बायपासच्या जोडाजवळ व्रण होऊ शकतो. दारू फार लवकर चढते. उलट्या थांबत नसतील किंवा पायांना मुंग्या येत असतील तर वाट न बघता दवाखाना गाठायचा, कारण बी-१ जीवनसत्त्व घटले तर नसांना इजा होते. तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान केस गळतात. खाणे नीट असले तर ते बहुधा परत येतात.

घरातली दुसरी माणसे

शस्त्रक्रिया एकाची होते, पण चूल सगळ्यांची बदलते. बहीण आम्हाला म्हणाली, "दादा, पहिला महिना मी स्वयंपाकघरात रडायचे. बावीस वर्षं त्यांना गरम वाढलं. आता तीन चमचे खाऊन वाटी पुढं सरकवतात. वाटायचं, माझ्या हाताची चव गेली की काय."

चव गेलेली नव्हती. त्या दिवसांत काहींना वासच नकोसा होतो, काल आवडलेले आज नको वाटते. दाजींनाही सोपे नव्हते. ऑफिसात डबा उघडला की चौघे वाकून बघत. एकजण म्हणे, "एवढ्यावर जगणार काय?" दुसरा आपल्या डब्यातला जिलबीचा तुकडा पुढे करी. लग्नकार्याला जायचे त्यांनी टाळले. भुकेपेक्षा चार माणसांत "नको" म्हणण्याचा त्रास त्यांना अधिक झाला. आपल्याकडे पंगतीत आग्रह झाला नाही तर पाहुणा रुसतो. तोच आग्रह अशा माणसाच्या घशाशी येतो.

हळूहळू घराने वाट काढली. सगळ्यांची जेवणे आठच्या आत होऊ लागली. बहीण उत्तनच्या कोळणीकडून ताजा मासा घेते, वाफवते, सगळ्यांनाच वाढते. दाजींना लहान ताटली, म्हणजे वाटी रिकामी दिसत नाही. आणि ते जेवत असतात तोवर कुणी उठत नाही, मग अर्धा तास लागो.

हंगाम संपल्यावर मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. या खेपेस पिशवीत शेवग्याच्या शेंगा, घरची मूगडाळ आणि गावठी अंडी होती. दाजींचे वजन तीस किलोने उतरले होते. मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांनीच कमी केल्या होत्या. जिना चढून ते आमच्या आधी वर पोहोचले. जेवायला त्यांनी अंड्याची भुर्जी, दोन चमचे भाजी आणि चतकोर भाकरी घेतली. आम्ही मुकाट्याने आमचे जेवत राहिलो. दाजी हसून म्हणाले, "पावणं, आज आग्रह नाही केला?" आम्ही म्हणालो, "शिकतोय की."

मात्र लढाई संपलेली नाही. वर्ष-दोन वर्षांनी थोडे जास्त खाता येऊ लागते. वेफर, फरसाण, गोड चहा असले पदार्थ लहान पोटातूनही सहज उतरतात, आणि दिवसभर चरत राहिले तर वजन परत चढते. म्हणून बाईंचे सांगणे असे की शस्त्रक्रियेने पाणी बांधावर आणून दिले, पिकाला देणे आपल्या हातात.

सभासद बंधूंनो, आज गावोगावी कुणाचा मुलगा, कुणाची सून, कुणाचे व्याही ही शस्त्रक्रिया करून घेत आहेत. असा माणूस तुमच्या घरी आला तर ताट वाढण्याआधी हळूच विचारा, "तुम्हाला काय चालतं?" वाटी लहान द्या. पाण्याचा आग्रह जेवताना करू नका. त्याने चार घासांत हात आखडता घेतला तर सुगरणीने मनाला लावून घेऊ नये. आणि त्याच्या वजनावरून, चेहऱ्यावरून, गळालेल्या केसांवरून चारचौघांत काही बोलू नका.

साखर आपली लक्ष्मी आहे, ती तशीच राहील. पण ज्याला ती सोसत नाही त्याच्या हातावर ती ठेवण्यात प्रेम नाही, हे आम्ही एका लाडवाच्या मोलाने शिकलो. तुम्हाला ते फुकट शिकता यावे, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.