सनद, साक्ष आणि शिष्टाई : न्यायमूर्ती छागलांचा दुसरा डाव

वकिलाला राजदूत का नेमावे, याचे आपल्याकडे ठरलेले उत्तर आहे : तो बोलण्यात पटाईत असतो. महंमदअली करीम छागला यांची कारकीर्द तपासली तर हे उत्तर लंगडे पडते. मुंबईत १९०० साली जन्मलेले छागला ऑक्सफर्डला इतिहास शिकले आणि १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. परतल्यावर त्यांनी जीनांच्या चेंबरमध्ये उमेदवारी केली, पुढे राजकीय मतभेदांमुळे ते जीनांपासून दुरावले. १९४१ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि स्वातंत्र्यानंतर मुख्य न्यायाधीश. ज्या दालनात टिळकांना १९०८ मध्ये शिक्षा झाली, तिथे १९५६ मध्ये टिळकांच्या उद्गारांची पाटी त्यांच्याच हस्ते लागली. १९५८ मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या गुंतवणुकीबाबतच्या मुंदडा प्रकरणाची चौकशी त्यांनी जाहीरपणे चालवली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना पायउतार व्हावे लागले. त्याच वर्षी ते अमेरिकेत राजदूत म्हणून गेले. पुढे ब्रिटनमध्ये उच्चायुक्त, मग शिक्षणमंत्री आणि १९६६-६७ मध्ये परराष्ट्रमंत्री. या साऱ्या प्रवासात कामी आले ते वक्तृत्व नव्हे, तर कागद बारकाईने वाचण्याची आणि आपल्या दाव्याची हद्द ओळखण्याची न्यायालयीन शिस्त, असे माझे म्हणणे आहे.

या शिस्तीची एक कसोटी हेगला लागली. हेग हे नाव नाशिककरांना एका जुन्या जखमेमुळे ठाऊक आहे. भगूरच्या सावरकरांनी ८ जुलै १९१० रोजी मार्सेय बंदरात बोटीतून उडी घेतली, फ्रेंच भूमीवर पकडून त्यांना ब्रिटिशांच्या हवाली करण्यात आले आणि प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. अटकेत अनियमितता झाली हे मान्य करूनही सावरकरांना परत देण्याचे बंधन ब्रिटनवर नाही, असा निवाडा २४ फेब्रुवारी १९११ ला झाला. वाद फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यातला, पाच लवादांत भारतीय एकही नाही. सुमारे अर्ध्या शतकाने त्याच शहरात दादरा-नगरहवेलीचा खटला उभा राहिला, तेव्हा चित्र पालटले होते. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी पोर्तुगीजांच्या ताब्यातला तो मुलूख मुक्त केला, भारतीय हद्दीतून तिथे जाण्याच्या वाटेचा हक्क सांगत पोर्तुगालने १९५५ च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली आणि भारताने आपल्या वतीने तदर्थ न्यायाधीश म्हणून छागलांना पाठवले. कागद निघाले ते पेशवाईतले : १७७९ चा तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा. या कागदांनी पोर्तुगीजांना मिळाले ते वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाच्या गावांचा वसूल घेण्याचे सरंजामी हक्क, सार्वभौमत्व नव्हे, असा अर्थ न्यायालयाने लावला. मात्र पुढे ब्रिटिशांनी पोर्तुगीजांची सत्ता मान्य केली होती, हेही न्यायालयाने धरले. म्हणून १२ एप्रिल १९६० च्या निकालात खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांच्यासाठी वाट मिळण्याचा पोर्तुगालचा हक्क मान्य झाला, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रांसाठीचा नाही. भारताने कर्तव्यभंग केला नाही, असेही ठरले. पहिल्या भागाशी असहमत असलेल्या छागलांनी भिन्नमतपत्र लिहिले.

यावर मोठा आक्षेप असा की, राजदूत असतानाच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसणे शोभत नाही, त्यातून सैन्याच्या मुद्द्यावर निकाल ८ विरुद्ध ७ असा लागलेला. आक्षेप खरा आहे. पण पोर्तुगालनेही स्वतःचा तदर्थ न्यायाधीश बसवला होता, दोन्ही पक्षांना तशी मुभा न्यायालयाच्या घटनेतच आहे. दुसरा आक्षेप अधिक बोचरा : निवृत्त न्यायाधीशांनी सरकारी पद घेऊ नये, असे सेटलवाडांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ मध्येच सुचवले होते आणि छागला त्या आयोगाचे सदस्य होते. इथे त्यांचा बचाव करता येत नाही. राजदूत म्हणून त्यांनी चांगले काम केले, एवढ्याने ती विसंगती मिटत नाही.

तिसरा आक्षेप माझ्या मुद्द्यावरच घाव घालतो : परराष्ट्र धोरण ही कोर्टकचेरी नव्हे. १९५७ च्या जानेवारीत बॅरिस्टर कृष्ण मेनन सुरक्षा परिषदेत काश्मीरवर सुमारे आठ तास बोलले, तरी ठराव भारताच्या विरोधातच गेला. १९६४ मध्ये छागला त्याच प्रश्नावर उभे राहिले, तेव्हा परिषदेने ठराव केला नाही. याचे श्रेय छागलांच्या युक्तिवादाला देणे म्हणजे राष्ट्रांचे हितसंबंध आणि सोव्हिएत नकाराधिकाराची छाया विसरणे होय. पण आठ तासांच्या भाषणाने मते वळली नाहीत, यावरून निष्पन्न होते ते एवढेच की केवळ वकिली पुरत नाही. जिथे पुराव्याला मोल आहे तिथे कागद नीट मांडायचे आणि जिथे हितसंबंधच बोलतात तिथे शब्द आखडते घ्यायचे, हा विवेक सवयीचा होईपर्यंत न्यायालयात घासून घ्यावे लागते. दादरा-नगरहवेलीच्या निकालात भारताला मिळाले ते याच विवेकातून. म्हणून राजदूत निवडताना उमेदवार किती छान बोलतो यापेक्षा, आपली बाजू कुठे दुबळी आहे हे त्याला ठाऊक आहे का, हे आधी विचारावे.