‘बेसूर’ मुलांसाठीही संगीताचा तास

शाळेतील संगीताचा तास बहुधा एकाच वाटेने जातो. शिक्षकांनी ओळ म्हणायची आणि वर्गाने ती मागून म्हणायची. ज्यांचा गळा सुरात लागतो ती मुले समूहगानासाठी निवडली जातात. उरलेल्यांवर ‘बेसूर’ असा शिक्का बसतो आणि अनेकदा तो आयुष्यभर पुसला जात नाही.

या मुलांसाठी बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत उपयोगी ठरू शकतो. हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी तो १९८३ साली ‘फ्रेम्स ऑफ माइंड’ या ग्रंथात मांडला. भाषिक, तार्किक-गणिती, सांगीतिक, शारीरिक, अवकाशीय, इतरांना जाणण्याची आणि स्वतःला जाणण्याची अशा सात बुद्धिमत्ता त्यांनी सांगितल्या. निसर्गविषयक बुद्धिमत्तेची भर पुढे पडली.

वर्सोव्याच्या वर्गाचा विचार करू. वेसावे कोळीवाड्यातील मुलांच्या कानांवर हळदीच्या आणि नारळी पौर्णिमेच्या निमित्ताने कोळीगीते लहानपणापासूनच पडतात. त्या ठेक्यावर पाय थिरकवणारे मूल लयीला अनोळखी नसते. तेथून दादऱ्याच्या सहा मात्रांकडे आणि मग तीनतालाकडे जाता येते. पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली, हे हातांनी दाखवताना ताल शरीरात भिनतो. गणितात रमणाऱ्या मुलाला सोळा मात्रांचे चार समान भाग आणि दुगुणीचा हिशेब आवडेल. तारेची लांबी निम्मी केली की तार षड्ज आणि दोन तृतीयांश ठेवली की पंचम मिळतो, हा प्रयोगही वर्गात करता येतो. चित्राची नजर असलेल्या मुलाला भातखंडे स्वरलिपीतील चिन्हे चटकन उमगतील: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ.

मात्र या सिद्धांताला पुरेसा प्रायोगिक आधार नाही, असा आक्षेप अनेक मानसशास्त्रज्ञ घेतात. शिवाय मुलांवर ‘गणिती’, ‘सांगीतिक’ अशा चिठ्ठ्या चिकटवल्या, तर जुन्या शिक्क्याच्या जागी नवा शिक्का येईल. इतर अभ्यास चालू असताना पार्श्वभूमीला संगीत लावणे म्हणजे सांगीतिक बुद्धीचा वापर नव्हे, हे खुद्द गार्डनर यांनी १९९५ मध्येच स्पष्ट केले होते.

म्हणून वाटा अनेक असल्या, तरी त्यांनी सुरातालापर्यंतच पोहोचायला हवे. टाळी देता देता मुलाला सम ओळखता आली, तर त्याच्यासाठी संगीताचा तास सार्थकी लागला असे म्हणता येईल. सूर जुळायला त्याला आणखी थोडा वेळ द्यावा, इतकेच.