आमचा तंबोरा भद्द का वाजू लागला?

विज्ञान दिनाच्या अंकासाठी गुरुजींनी सांगितले, ‘घरातली एखादी बिघडलेली वस्तू कशी दुरुस्त झाली ते लिहा.’ बहुतेकांनी सायकल नाहीतर टॉर्च घेतली. मी तंबोरा घेतला, कारण तो मीच बिघडवला होता.

आमच्या आबाजींचा तंबोरा मिरजेचा आहे. मिरजेला तंबोरे आणि सतारी फार वर्षांपासून बनतात. २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याला चार तारा असतात. आबाजींच्या तंबोऱ्याला तीन पोलादी आणि एक पितळी. पितळी तार खर्जाची, म्हणजे सगळ्यांत खालच्या सुराची. भोपळ्यावर एक छोटा पाट असतो, त्याला घोडी म्हणतात. चारही तारा घोडीवरून जातात.

दसऱ्याची झाडझूड चालू होती. मी गवसणी काढून तंबोरा चांगला पुसला. चमक यावी म्हणून खोबरेल तेलाचे बोट तारांवरूनही फिरवले. घोडीवर तारांच्या खाली काळपट दोऱ्याचे चार तुकडे अडकलेले दिसले. कचरा समजून तेही ओढून काढले आणि सुपलीत टाकले. आई म्हणाली, “वा! आज पोरीनं काम केलं.”

संध्याकाळी आबाजींनी तंबोरा मांडीवर घेतला. तारा सुरात लागल्या, पण आवाज काही उठेना. गोणपाटावर काठी मारावी तसा, भद्द. आबाजींनी खुंट्या पिळल्या, मणी सरकवले, पुन्हा छेडले. मग तंबोरा भिंतीला टेकवून हळूच म्हणाले, “तंबोरा चांगला आहे. माहे कानच गेले आता.”

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी दसऱ्यानंतर दहा-बारा दिवसांनी येते (महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले). त्या दिवशी आमच्या गावात भजन असते आणि आबाजी तंबोरा धरतात. त्यांनी मंडळाला निरोप पाठवला, यंदा दुसरा माणूस पाहा. मला खूप वाईट वाटले, पण हे माझ्यामुळे झाले हे तेव्हा मला माहीतच नव्हते.

सोने द्यायला मामा आला. तो नागपुरात लग्नाच्या ऑर्केस्ट्रात विजेची गिटार वाजवतो. त्याने तंबोऱ्याला हात लावण्याआधी विचारले, “एकच तार भद्द हाये का चारही?” मी म्हटले, चारही. तो म्हणाला, “मंग तारेत नाही. चारही जिथं टेकतात तिथं पाहा.”

मला हा प्रश्न फार आवडला. एक तार बिघडली असेल तर दोष त्या तारेचा. सगळ्या एकदम बिघडल्या तर दोष सगळ्यांना जोडणाऱ्या जागेचा असण्याचा संभव जास्त. मामाने सांगितले, गिटारीचेही असेच. घामाने आणि पावसाळी दमटपणाने तारा गंजतात. जाड तारांवर बारीक तारेचे वेटोळे असते, त्याच्या फटीत मळ बसतो. म्हणून वाजवून झाले की तो कोरड्या फडक्याने तारा पुसतो, तेल कधीच लावत नाही. तेलावर धूळ चिकटते. पण एकदा त्याने सहाच्या सहा तारा नव्या आणून चढवल्या आणि नंतर पाहतो तर काय, गिटारीवरचे सुराचे बटणच शून्यावर! पैसे गेले.

आता तार भद्द वाजते म्हणजे काय होते ते सांगते. तार छेडली की ती सबंध हलतेच, पण त्याच वेळी तिचे दोन, तीन, चार असे भाग पडूनही ती हलते. सबंध तारेचा सूर खालचा, आणि भागांचे सूर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे, म्हणजे बारीक. या बारीक सुरांमुळे आवाज उजळ वाटतो. मळ आणि गंज तारेवर सगळीकडे सारखा बसत नाही. त्यात बारीक सूर आधी विरतात. खालचा सूर मात्र राहतो, म्हणून तार सुरात लागते पण मेल्यासारखी वाजते.

मामाने तारांचे तेल पुसून काढले. आवाज थोडा सुधारला, थोडाच. मग तो घोडीकडे वाकून बघत म्हणाला, “इथले दोरे कुठं गेले बे?”

माझ्या पोटात गोळा आला. मी सगळे सांगून टाकले.

घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो किंचित बाकदार असतो. तार हलताना त्या माथ्याला हलकेच शिवते, सुटते, पुन्हा शिवते. त्यातूनच बारीक सूर पुन्हा पुन्हा जागे होतात. तारेखालचा दोरा तिला केसभर उचलून धरतो, म्हणून हे शिवणे नेमके होते. या झणकाराला जवारी म्हणतात.

गुरुजींनी यात भर घातली ती अशी. ज्यांच्या शोधामुळे आपण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन पाळतो, त्या सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी तंबोऱ्याचाही अभ्यास केला होता. १९२१ साली त्यांचा निबंध छापून आला. तार ज्या जागी छेडली असता काही बारीक सूर उमटूच नयेत असे जुना नियम सांगतो, तिथे छेडूनही तंबोऱ्यात ते सूर ऐकू येतात, असे त्यांनी दाखवले. ते १९१० साली सरकारी हिशेब खात्यात नोकरीला आपल्या नागपुरातच होते! पुढच्याच वर्षी त्यांची कलकत्त्याला बदली झाली.

आईच्या शिवणाच्या डब्यातून सुती दोरा घेतला. मामा एक तार छेडत राहिला आणि मी तिच्याखालचा दोरा मागे-पुढे सरकवत राहिले. भद्द, भद्द, भद्द... आणि एका जागी एकदम झंकार उठला. दोरा जरा पुढे गेला की पुन्हा मुका. जागा गव्हाच्या दाण्याएवढीसुद्धा नाही.

चौथी तार लागली तेव्हा ओसरीवरून आबाजींचा आवाज आला, “कोण वाजवून राहिलं रे?”

मी बाहेर जाऊन त्यांना दोऱ्यांचे खरे सांगितले. ते रागावतील असे वाटले होते. ते म्हणाले, “म्हंजे कान चांगले हायेत माहे!” आणि मंडळाकडे दुसरा निरोप घेऊन मलाच पाठवले.

यंदा पुण्यतिथीच्या भजनाला तंबोऱ्याचे दोरे मी बसवले. आबाजींनी ते ऐकून पाहिले, खर्जाच्या तारेचा दोरा केसभर मागे घेतला, आणि मग डोळे मिटून बोटे तारांवर ठेवली.