एका वाकळेत टाके किती?

वाकळ कोणाला माहीत नाही? आपण सगळेजण रात्री वाकळ पांघरतो. कोणी तिला गोधडी म्हणतात. चार घड्यांची असली तर चौघडी म्हणतात. आमच्या गावात वाकळ म्हणतात, म्हणून मी या लेखात वाकळच लिहिणार आहे. पण वाकळ कशी करतात, तिला किती दिवस लागतात आणि तिच्यात टाके किती असतात हे पुष्कळ मुलांना माहीत नसते. मला माहीत आहे, कारण माझी आजी वाकळा शिवते. घरासाठी शिवते आणि मजुरीनेही शिवते. मी जे पाहिले ते खाली लिहीत आहे.

कापड

वाकळेला नवे कापड लागत नाही. जुनी लुगडी, धोतरे, सदरे, परकर आणि शिंप्याकडच्या चिंध्या चालतात. पण कापड सुती पाहिजे. सुती कापड घाम पिते आणि धुऊन धुऊन मऊ होते. पॉलिस्टरचे कापड घाम पीत नाही, आणि त्याची वाकळ रात्री अंगावरून घसरते. आजीची सगळी लुगडी सुती आहेत. आईच्या साड्या बहुतेक पॉलिस्टरच्या आहेत. म्हणून आता चांगली चिंधी मिळत नाही असे आजी म्हणते. कोणाच्या घरी जुने सुती लुगडे आहे असे कळले की आजी ते मागून आणते.

आधी कपड्यांची बटणे आणि हूक काढतात. जाड शिवणी उसवतात, नाहीतर झोपल्यावर त्या पाठीला टोचतात. मग कपडे सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून धुतात आणि कडक उन्हात वाळवतात. म्हणून वाकळा उन्हाळ्यात शिवायला घेतात. तेव्हा रानात काम पण कमी असते. पाऊस लागला की सगळ्या बायका भांगलायला जातात, मग सुई धरायला कोणाला सवड नसते.

नऊवारी लुगडे नऊ वार असते. एक वार म्हणजे दोन हात, म्हणून लुगडे अठरा हात झाले. एका माणसाची वाकळ चार हात लांब असते. चार चोक सोळा. म्हणजे एका लुगड्याच्या चार घड्या होतात आणि दोन हात कापड उरते. उरलेले कापड आणि काठ वरच्या ठिगळांना उपयोगी पडतात.

मांडणी

वाकळ शिवण्यापेक्षा मांडणे अवघड असते. आजी सोपा झाडून घेते. खाली एक घडी अंथरते आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवते. मग कापड सरकत नाही. त्यावर जुन्या कपड्यांचे तुकडे लावते. तुकडे असे लावायचे की कुठे खड्डा राहता कामा नये आणि कुठे टेंगूळ येता कामा नये. आजी डोळे मिटून सगळीकडे तळहात फिरवते. जिथे हाताला जाड लागते तिथला तुकडा काढते आणि जिथे पातळ लागते तिथे घालते. मग वरची घडी टाकून मधून बाहेर सुरकुत्या काढते, कडा आत दुमडते आणि लांब लांब कच्चे टाके घालते. आता वाकळ उचलली तरी हलत नाही.

वर ठिगळे लावतात. आजी चौकोनी तुकडा कोपऱ्यातून दुमडते, त्याचा त्रिकोण होतो. चार त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की फूल होते. लाल शेजारी लाल ठेवत नाही. लाल शेजारी हिरवे ठेवते, मग दोन्ही रंग उठून दिसतात. आजी शाळेत गेलेली नाही. पण आम्हाला भूमितीत जे शिकवतात ते तिला सुईने येते. तिने अजून एकसारख्या दोन वाकळा केलेल्या नाहीत.

टाका

वाकळेला धावदोरा घालतात. सुई लांब आणि जाड असते. दोरा दुहेरी घेतात आणि त्याला मेण लावतात, म्हणजे गाठी होत नाहीत. आजी बोटात अंगुस्तान घालते, नाहीतर सुईचे मागचे टोक बोटात घुसते. आजीला आता सुईचे नाक दिसत नाही. म्हणून शाळेत यायच्या आधी मी तिला सहा सुया ओवून देते. त्या सुया ती भिंतीवरच्या कॅलेंडरला टोचून ठेवते आणि दुपारी एकेक घेते.

आजी सरळ उभ्या ओळी घालते. काही बायका कडेने सुरुवात करून चौकोनात चौकोन करत मध्ये येतात. शेवटचा कोपरा शिवायच्या आधी आजी आत ज्वारीचे चार दाणे टाकते. ती म्हणते, “वाकळ उपाशी ऱ्हाऊ नये.”

वाकळ उबदार का असते, हे आम्हाला गुरुजींनी सांगितले. कापडाच्या थरांमध्ये हवा अडकून राहते. अडकलेल्या हवेतून उष्णता लवकर बाहेर जात नाही. म्हणून आपल्या अंगाची ऊब आपल्यालाच मिळते. टाके फार घट्ट ओढले तर हवेला जागा राहत नाही आणि वाकळ फळीसारखी होते. फार सैल ठेवले तर आतले तुकडे गोळा होतात. म्हणून आजी म्हणते, “दोरा वढायचा न्हाय, बसवायचा.”

सणाच्या आणि घरच्या कार्याच्या वाकळा

दसऱ्याला वाकळांचे मोठे काम असते. घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळा नदीला नेऊन धुतात. ओली वाकळ एकट्याला उचलत नाही. आई एका बाजूने पिळते आणि बाबा दुसऱ्या बाजूने पिळतात. मग खडकावर वाळत घालतात. त्या दिवशी नदीवर सगळ्या गावाच्या वाकळा दिसतात, आणि कोणाच्या घरात काय काय झाले ते आजी वाकळा बघून सांगते. “ह्यो त्यांच्या सुनंच्या डव्हाळजेवणाचा हिरवा तुकडा, आन् ह्यो पोराच्या लग्नातला फेटा.”

आमच्या वाकळेवर पण असे तुकडे आहेत. बाबांच्या लग्नातल्या फेट्याचा तुकडा आहे. माझ्या दिवाळीच्या फ्रॉकचा आहे. माझ्या पहिलीतल्या गणवेशाचा निळा तुकडा पण आहे. आत्या भाऊबीजेला आली की आधी वाकळ उलगडून बघते आणि म्हणते, “ह्यो माझ्या परकराचा तुकडा हाय.” मग आजी आणि ती दिवे लागेपर्यंत बोलत बसतात. लेक सासरी जाताना तिला वाकळ देतात. आत्याला पण दिली होती. त्यात आजीचे स्वतःचे लुगडे आहे.

यंदा आमच्या घरी बारसे झाले. मला भाऊ झाला. बाळाला नवे कापड टोचते, म्हणून पाळण्यात जुन्या कापडाची लहान वाकळ घालतात. आजीने ट्रंकेतून आजोबांचे धोतर काढले. आजोबा दोन वर्षांपूर्वी वारले. ते धोतर आजीने कोणाला दिले नव्हते आणि कापलेही नव्हते. त्या दिवशी तिने ते मांडीवर घेतले, थोडा वेळ तशीच बसली, आणि मग कात्री मागितली. त्या वाकळेला वर फूल नाही, त्रिकोण नाही. नुसते पांढरे आहे आणि कडेला आजीच्या लुगड्याचा काठ आहे. बारशाला आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितले. सगळ्यांना घुगऱ्या वाटल्या. बायकांनी पाळणा म्हटला. आजोबांनी बाळाला पाहिले नाही, पण बाळ आजोबांच्या धोतरावर झोपले.

हिशेब

आता टाक्यांचा हिशेब सांगते. मी हा हिशेब का केला ते पण सांगते.

उन्हाळ्यात दुसऱ्या गावाच्या एक बाई आमच्याकडे वाकळ शिवायला टाकायला आल्या. कापड त्यांचे होते. आजीने मजुरी ६०० रुपये सांगितली. त्या बाई म्हणाल्या, “आवं मावशी, चिंध्या आमच्याच, मग पैसं कशाचं? तीनशे घ्या.” आजी काहीच बोलली नाही. मी तेव्हा तिथेच बसले होते. मला वाटले, पैसे कशाचे ते मोजून बघावे.

मी वीत लावून टाके मोजले. एका वितीत २० टाके भरले.

वाकळेची लांबी ४ हात, म्हणजे ८ विती. २० गुणिले ८ बरोबर १६०. एका ओळीत १६० टाके झाले.

वाकळेची रुंदी अडीच हात, म्हणजे ५ विती. एका वितीत १२ बोटे असतात, म्हणून ६० बोटे झाली. आजी बोट बोट अंतरावर ओळ घालते. म्हणून ओळी ६० झाल्या.

१६० गुणिले ६० बरोबर ९,६००.

एका वाकळेत नऊ हजार सहाशे टाके! कच्चे टाके आणि ठिगळांचे टाके मी यात धरलेले नाहीत. आजी रोज दुपारी ४ ओळी घालते. म्हणून ६० ओळींना १५ दिवस लागतात. सहाशे रुपयांना पंधराने भागले तर रोजचे ४० रुपये पडतात, आणि एका रुपयाला १६ टाके पडतात. तीनशे रुपये घेतले तर रोजचे २० रुपये पडतात आणि एका रुपयाला ३२ टाके घालावे लागतात. धुणे, उसवणे आणि मांडणे यांचे काहीच नाही.

हा हिशेब मी पाटीवर लिहून आजीला वाचून दाखवला. आजी म्हणाली, “येवढं? म्या तर कधी मोजलंच न्हाय.” त्या बाई पुन्हा आल्या तेव्हा मी त्यांना पण वाचून दाखवला. त्यांनी स्वतः एक वीत टाके मोजून बघितले. वीसच भरले. शेवटी ४५० रुपये ठरले. तरी रोजचे ३० रुपयेच पडले. पण आता कोणी भाव पाडून मागितले की आजी आधी सांगते, “साडेनऊ हजार टाकं हाईत बाई, माझ्या नातीनं मोजल्यात.”

वाकळेचा मान

वाकळ फक्त आपल्याकडेच असते असे नाही. गुरुजींनी नकाशावर दाखवले. बंगालमध्ये जुन्या साड्यांचे थर लावून धावदोऱ्याने कांथा करतात. बिहारमध्ये सुजनी करतात आणि तान्ह्या बाळाला त्यात गुंडाळतात. त्या बायका आणि माझी आजी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत, तरी टाका तोच आहे. संत गाडगे महाराज (१८७६ ते १९५६) चिंध्या जोडून केलेले कपडे अंगावर घालत. म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज असेही म्हणत. त्यांना चिंधीची लाज वाटली नाही. मग आपल्याला का वाटावी? पाहुणे आले की काही घरांत वाकळा लपवतात आणि ब्लँकेट काढतात. ब्लँकेट ऊबदार असते, पण त्याच्यावर कोणाचा फेटा नसतो.

पालकांना माझी विनंती आहे. घरी जुने सुती लुगडे किंवा धोतर असले तर फेकू नये. वाकळ शिवणाऱ्या बाईला द्यावे. आणि कोणाकडून वाकळ शिवून घेतली तर चिंध्यांचा भाव करू नये, टाक्यांचा करावा.

या लेखाच्या खाली आजीने दिलेला एक वीत लांबीचा तुकडा टाचणीने लावला आहे. मुलांनी त्याच्यावरचे टाके मोजावेत. मग घरी जाऊन आपापल्या वाकळेवरचे पण मोजावेत आणि ज्याचा हिशेब वेगळा येईल त्याने मला मधल्या सुट्टीत सांगावे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी